साथ आणि सोबत : पुण्याचे विद्यार्थी, १८९७ आणि २०२०

सावित्रीबाई फुले यांचे १० मार्च १८९७ रोजी पुण्यात प्लेगने निधन झाले. १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींना अक्षरओळख करून देणाऱ्या या शिक्षिका आयुष्याच्या अखेरीस आपले दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी स्वतः उचलून दवाखान्यात आणले आणि त्याच संसर्गाने त्यांचा अंत झाला, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवून ठेवले आहे.

या घटनेला १२३ वर्षे पूर्ण होण्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे ९ मार्च २०२० रोजी, पुण्यात कोरोनाचे पहिले दोन रुग्ण आढळले. महाराष्ट्रातील ती या रोगाची पहिली नोंद होती. अवघ्या आठवडाभरात शहरातील शाळा-महाविद्यालये बंद झाली. सावित्रीबाईंचे नाव २०१४ पासून अभिमानाने धारण करणाऱ्या पुणे विद्यापीठाचे वर्गही रिकामे झाले आणि पुणे, नगर व नाशिक या तीन जिल्ह्यांत विखुरलेल्या त्याच्या विद्यार्थ्यांचे शिक्षण मोबाइलच्या पडद्यावर जाऊन बसले.

आपल्या मराठीत ‘साथ’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. रोग पसरतो तीही साथ आणि माणूस माणसाच्या बरोबर उभा राहतो तीही साथ. पहिली साथ आली की दुसरी कठीण होते, हा जगभरचा अनुभव आहे. जवळ जाणे हेच संकट ठरले असता शिकणाऱ्याला सोबत कशी द्यावी, हा प्रश्न पुणे शहराला इतिहासात दोन वेळा तीव्रतेने पडला. दोन्ही वेळी त्याची उत्तरे निराळी निघाली. त्या उत्तरांची तुलना करावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्लेगचे पुणे

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्रकट झालेला प्लेग काही महिन्यांतच पुण्याला पोहोचला. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथीच्या रोगांविषयीचा कायदा केला आणि पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांच्याकडे प्लेग निवारणाची सूत्रे दिली. सैनिकांकरवी घरांची झडती, रोग्यांची रुग्णालयात आणि घरच्यांची छावणीत रवानगी, सामानसुमानाची जाळपोळ असा क्रम सुरू झाला. रोगाइतकीच लोकांना उपायांची दहशत वाटू लागली. पंडिता रमाबाई ख्रिस्ती होत्या, सरकारविरोधी म्हणून त्यांची ख्याती नव्हती. तरीही १८९७ च्या मे महिन्यात त्यांनी वृत्तपत्राला पत्र लिहून प्लेगच्या रुग्णालयातील स्त्रियांच्या स्थितीबद्दल जाहीर तक्रार केली. २२ जून १८९७ च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवी समारंभाहून परतताना गणेशखिंड रस्त्यावर रँड यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळी झाडली. तो समारंभ ज्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये झाला, ती वास्तू आज पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. १० फेब्रुवारी १९४९ रोजी स्थापन झालेल्या या विद्यापीठाला ती लाभली. १८९७ चा तो कायदाही इतिहासजमा झाला नव्हता. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने प्रथम ज्या कायद्याचा आधार घेतला, तो हाच.

प्लेगच्या त्या वर्षांत शिक्षणाचे काय झाले? बहुतेकांचे शिक्षण थांबले, हे खरे उत्तर आहे. माणसे शहर सोडून शेतांत, माळांवर झोपड्या बांधून राहिली. जी मुले शाळेत जात होती ती संख्येने थोडीच होती आणि मुली तर त्याहूनही थोड्या. तेव्हा तो काळ आदर्श होता, असे म्हणण्याचा प्रश्नच नाही. परंतु त्या अंधारात शिक्षणाची दोन स्थलांतरे झाली, आणि ती आपण ध्यानात ठेवली पाहिजेत.

पहिले स्थलांतर रमाबाईंचे. त्यांचे शारदा सदन १८८९ मध्ये मुंबईत सुरू होऊन पुढच्या वर्षी पुण्यास आले होते. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतात हिंडून शेकडो निराधार मुली गोळा केल्या. प्लेगच्या निर्बंधांमुळे त्यांना पुण्यात ठेवता येईना. तेव्हा रमाबाई त्यांना घेऊन दौंडच्या वाटेवरील केडगावला गेल्या. तेथे त्यांनी पूर्वीच जमीन घेऊन ठेवली होती. आरंभी डोक्यावर धड छप्पर नसलेल्या त्या वसतीतून पुढे मुक्ती मिशन उभे राहिले.

दुसरे स्थलांतर धोंडो केशव कर्वे यांच्या अनाथ बालिकाश्रमाचे. १८९६ मध्ये स्थापन झालेला हा आश्रम प्लेगच्या दिवसांत शहराबाहेर हिंगण्याला गेला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी दिलेल्या सहा एकर जागेवर १९०० मध्ये पहिली झोपडी उभी राहिली. कर्वे त्या वेळी फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत. दिवसाचे अध्यापन आटोपून ते पायी हिंगण्याला जात, मुलींना शिकवीत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पायी शहरात येत. त्याच हिंगण्याच्या माळावर १९१६ मध्ये भारतातील पहिल्या महिला विद्यापीठाचा आरंभ झाला.

या दोन्ही घटनांत एक समान सूत्र आहे. साथीने शाळेला जागेवरून हलविले, तेव्हा शाळा मुलींना घेऊन हलली. गुरू आणि शिष्य यांनी एकाच छपराखाली हाल सोसले. साथ ओसरली तेव्हा त्या माळावर एक संस्था उरली, तिच्या भिंती उरल्या, तिच्या आठवणी उरल्या.

दुरून शिकविण्याची परंपरा

२०२० मध्ये शाळा हलली ती माळावर नव्हे, तर तारांमध्ये आणि लहरींमध्ये. दुरून शिकविणे ही मुळात नवी गोष्ट नाही. आपल्या ख्रिस्तसभेला तर ती पहिल्या शतकापासून ठाऊक आहे. संत पौल तुरुंगातून पत्रे पाठवीत आणि दूरच्या नगरांतील मंडळ्या ती वाचून श्रद्धेत वाढत. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे शैक्षणिक कार्यक्रम दूरदर्शनवरून दिसू लागले. त्यांच्या निर्मितीत पुणे विद्यापीठाच्या माध्यम केंद्राचाही वाटा होता. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि गृहिणी, कामगार, पोलीस शिपाई अशा हजारो लोकांच्या हाती पदवी आली. २००५ मध्ये पुणे विद्यापीठाने ‘विद्यावाणी’ हे स्वतःचे रेडिओ केंद्र सुरू केले. २०१७ मध्ये केंद्र शासनाचे ‘स्वयम्’ हे व्यासपीठ आले.

मुक्त विद्यापीठाच्या रचनेतील एक बारकावा येथे महत्त्वाचा आहे. पुस्तके टपालाने घरी पाठवूनही त्याने गावोगावी अभ्यासकेंद्रे ठेवली आणि संपर्कसत्रे ठरविली. दुरून शिकणाऱ्यालाही अधूनमधून कोणाच्या तरी समोर बसावे लागते, शंका विचारावी लागते, आपल्यासारखेच आणखी कोणी धडपडत आहेत हे डोळ्यांनी पाहावे लागते, ही जाण त्यामागे होती. शिवाय तो मार्ग विद्यार्थ्याने स्वतः निवडलेला असे. मार्च २०२० मध्ये मात्र लक्षावधी विद्यार्थी एका आठवड्यात, न विचारता, या वाटेवर आणले गेले. युनेस्कोच्या नोंदीनुसार त्या वर्षी जगात दीडशे कोटींहून अधिक विद्यार्थ्यांचे वर्ग बंद झाले होते. त्यांचे शिक्षकही तितकेच अनभ्यस्त होते.

पडद्यासमोरची दोन वर्षे

सदाशिव पेठ, नारायण पेठ, शिवाजीनगर या भागांत कॉट बेसिसवर राहणारी आणि खाणावळीत जेवणारी मुले हे पुण्याचे एक जुने वैशिष्ट्य. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात ती मिळेल त्या वाहनाने गावी गेली. ‘दोन-तीन आठवड्यांत परत यायचे’ या समजुतीने पुष्कळांनी पुस्तके आणि वह्या खोलीवरच ठेवल्या होत्या. २४ मार्चच्या मध्यरात्री देशभर टाळेबंदी झाली. जे मागे राहिले त्यांच्या खाणावळी बंद झाल्या. जे गेले त्यांची पुस्तके कित्येक महिने कुलपात राहिली. ऑगस्टमध्ये शिवाजीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मैदानावर ८०० खाटांचे जम्बो रुग्णालय उभे राहिले, तेव्हा लवकर परत येण्याची उरलीसुरली आशाही मावळली.

मी पुण्यातील एका धर्मग्रामात सेवा करतो. नगर, नाशिक आणि वसईकडून शिकायला आलेली मुले-मुली आमच्या युवक मंडळात येतात. त्या दोन वर्षांत आपण कसे शिकलात, असे मी त्यांना वेळोवेळी विचारीत आलो. त्यांच्या उत्तरांतील काही येथे नोंदवितो.

अकोले तालुक्यातील एक विद्यार्थिनी सांगते की, घरात रेंज नसल्यामुळे ती रोज टेकडीच्या अर्ध्या चढणीवरील एका आंब्याखाली जाऊन बसे. पावसाळ्यात फोन प्लास्टिकच्या पिशवीत आणि डोक्यावर छत्री. फोन भावाचा होता. तो कामावर गेला की तास बुडे. मग ती रात्री, सगळे झोपल्यावर, ध्वनिमुद्रित व्याख्यान ऐके. मावळातला एक मुलगा ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतरचे दिवस सांगतो. वीज नव्हती, म्हणून फोन नव्हता, आणि फोन नव्हता म्हणून महाविद्यालयही नव्हते.

रसायनशास्त्राच्या एका विद्यार्थ्याने प्रात्यक्षिकांची वही पूर्ण केली, तिच्यावर सहीही झाली. परंतु त्यातील एकही वाचन त्याने स्वतः घेतलेले नव्हते. ब्युरेट प्रत्यक्ष हातात आली ती तिसऱ्या वर्षाला. “आकडे माझे नव्हते, फक्त अक्षर माझे होते,” असे तो म्हणाला. शहरातल्याच एका वस्तीत राहणाऱ्या मुलीच्या घरी एकच खोली. आजी, आई-वडील आणि दोन भावंडे यांच्यामध्ये बसून ती तास ऐकत असे. तिने दोन वर्षांत एकदाही कॅमेरा लावला नाही आणि एकदाही प्रश्न विचारला नाही. मागची भिंत आणि स्वयंपाकाचा आवाज दुसऱ्यांपर्यंत जाऊ नये, एवढेच कारण. तिच्या शिक्षकांना ती बहुधा निष्काळजी वाटली असेल.

शिक्षकांची बाजूही ऐकली पाहिजे. समोर चेहरे नाहीत, केवळ नावे लिहिलेले काळे चौकोन आहेत, आणि त्यांना आपण मराठी कादंबरी किंवा अर्थशास्त्र शिकवीत आहोत, हा अनुभव पंचवीस-तीस वर्षे फळ्यासमोर उभे राहिलेल्या प्राध्यापकांना खचविणारा होता. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या अध्यापकांपुढे तर तासच नसल्यामुळे पोटाचा प्रश्न उभा राहिला. तरीही रात्री उशिरा फोन घेणारे, टिपणे लिहून त्यांची छायाचित्रे पाठविणारे शिक्षक होतेच.

या पद्धतीने काहींचे भलेही केले. रोज दोन बस बदलून महाविद्यालयात येणाऱ्या एका मुलीचे तीन तास वाचले आणि त्या वेळात तिने इंग्रजी सुधारले. वर्गात शिक्षकांचा वेग न झेपणाऱ्या एका मुलाला तेच व्याख्यान तीन वेळा ऐकता आले. एरवी ज्यांना ऐकण्याची संधीच मिळाली नसती अशा विद्वानांची भाषणे गावाकडील मुलांनी ऐकली. ऑनलाइन वर्ग नसते, तर प्लेगच्या काळाप्रमाणे बहुतेकांचे शिक्षण थांबलेच असते. हे ऋण मान्य करूनच पुढचा विचार करावयास हवा.

तो विचार असा, की ही सोय सर्वांना सारखी पोहोचली नाही. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार देशातील ग्रामीण भागात केवळ ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता, शहरी भागात २३.४ टक्के. इंटरनेटची सोय ग्रामीण भागातील १४.९ टक्के आणि शहरी भागातील ४२ टक्के कुटुंबांना होती. साथ येण्यापूर्वीच दरी अशी होती. वर्गखोलीत श्रीमंताचा आणि गरिबाचा मुलगा निदान एकाच बाकावर बसे आणि एकच फळा पाहत असे. वर्ग घराघरांत विखुरला, तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला आपापल्या घराएवढाच वर्ग आला.

परीक्षेची परीक्षा

अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांची कथा स्वतंत्रपणे नोंदविण्याजोगी आहे. परीक्षा घेऊ नयेत असे जून २०२० मध्ये राज्य शासनाने ठरविले. सप्टेंबरअखेर त्या घ्याव्यात असे ६ जुलै रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने सांगितले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २८ ऑगस्टला निर्णय झाला. राज्ये मुदतवाढ मागू शकतील, परंतु परीक्षेवाचून पदवी देता येणार नाही, असा त्याचा आशय होता. मार्च ते ऑगस्ट असे पाच महिने या मुलांना आपण पदवीधर आहोत की विद्यार्थी, हेच कळत नव्हते. पुणे विद्यापीठाच्या परीक्षा १२ ऑक्टोबर २०२० पासून बहुपर्यायी प्रश्नांच्या रूपात सुरू झाल्या. त्यांत तांत्रिक अडचणी आल्या आणि ज्यांची परीक्षा हुकली त्यांना पुन्हा संधी द्यावी लागली. पुढच्या वर्षी कॅमेऱ्याच्या देखरेखीखाली परीक्षा झाल्या. पदव्या मिळाल्या, गुणही बरे मिळाले. पण ‘कोरोनाची बॅच’ हा शब्द मुलाखतीच्या खोलीत या मुलांच्या आधी जाऊन बसू लागला. ज्या संकटात त्यांचा काडीचाही दोष नव्हता, त्याचा डाग त्यांच्या पदवीवर लागला, ही मला या इतिहासातील सर्वांत अन्यायाची गोष्ट वाटते.

ऑक्टोबर २०२१ मध्ये महाविद्यालये उघडली, जानेवारी २०२२ मध्ये थोडे दिवस पुन्हा बंद झाली आणि मग वर्ग पूर्ववत भरू लागले. पण सगळे परतले नव्हते. वडिलांची नोकरी गेल्यामुळे एका मुलाने घरोघरी पार्सले पोहोचविण्याचे काम धरले होते. हाती पैसा येऊ लागल्यावर दुसऱ्या वर्षाचा तो विद्यार्थी परत वर्गात बसला नाही. एका मुलीचे टाळेबंदीत, थोडक्या खर्चात होते म्हणून, लग्न उरकून टाकण्यात आले. पडद्यावरच्या वर्गातून अशी मुले निघून गेली तेव्हा कोणाला कळलेही नाही. बाक रिकामा झालेला दिसतो. एक काळा चौकोन कमी झाला तर तो कोणाला दिसणार?

सान्निध्याचा अर्थ

त्याच काळात आपण पवित्र मिस्साही पडद्यावर पाहत होतो. महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली, तोवर आठ महिने आपली वेदी आणि आपले भाविक यांच्यामध्ये एक काच होती. १७ एप्रिल २०२० च्या प्रवचनात पोप फ्रान्सिस यांनी या विषयी सावध केले होते. संकटात हे करावे लागते, पण ख्रिस्तसभा, साक्रामेंते आणि देवाची प्रजा या प्रत्यक्ष, मूर्त गोष्टी आहेत, असे त्यांनी बजावले. पुढे १५ ऑक्टोबर २०२० रोजी, म्हणजे पुण्यात त्या परीक्षा सुरू झाल्या त्याच आठवड्यात, जगाच्या शिक्षणावर आलेल्या अरिष्टाबद्दल त्यांनी इशारा दिला आणि शिक्षणासाठी सर्व समाजाने एकत्र येण्याचे आवाहन केले.

या दोन विचारांचा एकमेकांशी निकटचा संबंध आहे. आपली श्रद्धा देहधारणेवर उभी आहे. परमेश्वराने प्रवक्त्यांच्या मुखाने दुरून संदेश पाठविले आणि शेवटी तो स्वतः आपल्यांत येऊन राहिला. संत योहानाच्या नावे असलेल्या छोट्या पत्रांतही हाच ध्यास दिसतो. लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, पण शाई आणि लेखणीने ते लिहिण्यापेक्षा समोरासमोर भेटून बोलू, असे तो सांगतो. पत्र उपयोगी आहे, भेटीची उणीव मात्र ते भरून काढीत नाही. शिक्षणाचेही तसेच आहे.

हा विषय मागे पडलेला नाही. २०२१ च्या नियमांनुसार विद्यापीठांना आपल्या अभ्यासक्रमातील ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक ‘स्वयम्’वरील ऑनलाइन अभ्यासक्रमांतून देता येतात. अडचणीच्या वेळी काढलेली पायवाट अशा रीतीने हमरस्त्याला मिळाली आहे. तिला विरोध करण्याचे कारण नाही. पण त्या वाटेने एकट्याने निघालेल्या मुलाबरोबर कोण चालणार, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

प्लेगने पुण्याला हिंगणे आणि केडगाव दिले, कारण कर्वे आणि रमाबाई मुलींच्या बरोबर गेले. कोरोनाने अशी कोणती वास्तू मागे ठेवली? दाखविण्याजोगे काहीच नाही, आणि म्हणूनच त्या वर्षांची आठवण इतक्या वेगाने पुसली जात आहे. ती जपण्याचे काम आपण आपापल्या धर्मग्रामांत करू शकतो. २०२० ते २०२२ या काळात महाविद्यालयात असलेल्या आपल्या मुलामुलींची एक साधी यादी करावी. त्यांना शांतपणे बसवून त्यांचे अनुभव लिहून घ्यावेत. ज्यांचे शिक्षण सुटले त्यांच्या घरी जावे. मुक्त विद्यापीठाचे जवळचे अभ्यासकेंद्र कोणते, याची चौकशी त्यांच्या बरोबर जाऊन करावी. आणि चर्चच्या सभागृहात संध्याकाळी दोन तास दिवे, टेबले व इंटरनेट यांची सोय ठेवावी, म्हणजे ऑनलाइन शिकणाऱ्यालाही शेजारी बसलेले माणूस मिळेल. या कामाला मोठी देणगी लागत नाही. गोखल्यांनी सहा एकर दिले होते. आपल्याला एक खोली पुरेल.